चौदा माणसं, एक टेम्पो आणि चारशे किलोमीटर

(निवृत्त आरोग्यसेविका आणि तुकोबांच्या पालखीतल्या एका दिंडीच्या ‘मलमपट्टीवाल्या बाई’ वाचकांच्या पायी प्रवासाविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आम्ही सोलापुरातल्या एका पेठेतले शेजारी. आमच्या गल्लीतल्या एका यंत्रमाग कामगाराच्या मुलीवर परळच्या टाटा रुग्णालयात उपचार झाले. मुलगी आता शाळेत जाते. पण तिच्या आईने सुरुवातीच्या रात्री परळच्या फुटपाथवर काढल्या, मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. त्या धर्मशाळेसाठी पैसे आणि सोलापुरी चादरी गोळा करत सोलापूर ते दादर चालत जायचं आम्ही ठरवलंय. एकूण १४ जण आहोत, त्यात ४ बायका. गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, २० डिसेंबरला, पोचायचं आहे. सामानाला एक टेम्पो मिळालाय. १२ दिवसांत होईल ना? आणि वाटेतल्या गावांकडे मदत कशी मागायची? आम्हाला संकोच वाटतो.
— एक शिक्षक, सोलापूर

उत्तर : सर, १२ दिवसांत दादर येईल, पण तुम्ही १४ जण येणार नाही. पाच-सहा जण येतील, बाकीचे टेम्पोत पाय वर करून बसलेले असतील. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, पुढे दादर दीडशे. १२ ने भागलंत तर रोजचे ३३ होतात. धडधाकट माणूस पहिल्या दिवशी ३३ चालतो, गप्पा मारत चालतो. दुसऱ्या दिवशी गप्पा बंद होतात. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून जमिनीवर पाय टेकवतानाच कळतं की आपलं काय झालंय. आळंदी ते पंढरपूर अंतर साधारण अडीचशेच आहे आणि माउलींची पालखी त्याला अडीच-तीन आठवडे घेते. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना झेपेल असाच तो हिशोब बसलेला आहे. तुम्ही रोजचे २० धरा आणि सहा-सात दिवसांनी एक दिवस पूर्ण विश्रांती. म्हणजे २० दिवस चालायचे, ३ दिवस थांबायचे. २८ नोव्हेंबरला निघा. रजेचा प्रश्न असेल तर पुढच्या वर्षी निघा, पण १२ दिवसांत नको.

तुमचा पहिला टप्पा, पुण्यापर्यंतचा, माझ्या ओळखीचा आहे. मोहोळ, शेटफळ, मोडनिंब, टेंभुर्णी, मग भीमेचा पूल, इंदापूर, पळसदेव, भिगवण, कुरकुंभ, पाटस, वरवंड, यवत, उरुळी कांचन, लोणी काळभोर, हडपसर. यातली वरवंडपासून लोणीपर्यंतची गावं दर वर्षी तुकोबांची पालखी उतरवून घेतात. तिथे पायी येणाऱ्या माणसाला कुणी ‘का चालताय’ असं विचारत नाही, ‘कुठं टेकणार’ असं विचारतात. यवतकर तर पालखीला पिठलं-भाकरी घालतात, तीही घराघरांतून भाकरी जमवून. वरवंडच्या अलीकडच्या बहुतेक गावांना मात्र समजावून सांगावं लागेल. विश्रांतीचा एक दिवस भिगवणला घ्या. डिसेंबरात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आलेले असतात, निम्मी मंडळी तशीही तिकडे पळणारच. फक्त तिथली तळलेली मासळी विश्रांतीच्या दिवशी दुपारी खा. निघायच्या आदल्या रात्री खाल्लीत तर दुसऱ्या दिवशीचं मी काही बोलत नाही.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते ते सांगते. तुम्ही ऐन गळितात चाललात. मोहोळपासून इंदापूर-भिगवणपर्यंत साखर कारखानेच कारखाने आहेत आणि डिसेंबरात त्या रस्त्यावर रात्रंदिवस ऊस वाहतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही उतू जाईपर्यंत भरलेल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. वर ड्रायव्हरने स्पीकर लावलेला असतो, त्याला स्वतःच्या इंजिनाचा आवाज येत नाही तर तुमची हाक कुठून येणार! आणि उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर हात-दीड हात आलेल्या असतात. ट्रॉली तुम्हाला लागत नाही, ती निघून जाते. मागून वाढ्यांचा शेंडा खांद्यावरून, गालावरून फरफटत जातो. एका पोराचा कान असा फाटलेला मी स्वतः शिवायला पाठवलाय.

म्हणून वारीसारखं पहाटे तीनला उठून चालायचं नाही. वारीत लाखो माणसं असतात, वाहतूक वळवलेली असते, तुम्ही १४ जण आहात. फटफटलं की निघा, सकाळी अकराच्या आत १३-१४ किलोमीटर उरका, दुपारी विसावा, उरलेले उन्हं उतरल्यावर, आणि दिवे लागायच्या आत मुक्कामाला. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसेल असं, एकामागे एक चाला. शेजारी-शेजारी चालायचा मोह होतो, गप्पांसाठी. गप्पा विसाव्याला. पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगात चमकणारं जाकीट हवंच, आणि शेवटचा माणूस तुमच्यातला सगळ्यात जबाबदार पाहिजे, सगळ्यात हळू चालणारा नव्हे. निघण्याआधी प्रत्येक तालुक्याच्या पोलीस ठाण्यात मार्ग आणि तारखा लिहून द्या, पोच घ्या. १०८ ची रुग्णवाहिका आणि महामार्गाचा १०३३ हे दोन्ही नंबर फोनमध्ये ठेवा आणि कागदावरही लिहा, कारण फोन नेमका तेव्हाच उतरलेला असतो.

पुण्याच्या पुढे द्रुतगती मार्गावर पायी जायला बंदी आहे, जुन्या रस्त्यानेच जावं लागेल. खंडाळ्याच्या घाटात काही भाग असा आहे की जुना आणि नवा रस्ता एकमेकांत घुसतात. तिथे नकाशावर भरवसा ठेवू नका. लोणावळ्यात महामार्ग पोलिसांना भेटा, ते सांगतील तिथून उतरा, आणि ते ‘एवढा तुकडा टेम्पोत बसा’ म्हणाले तर मुकाट बसा. घाट गाडीतून उतरलात म्हणून कुणी दिलेले पैसे परत मागत नाही.

संकोचाचं म्हणाल तर, मोघम मागितलं की संकोच वाटतो आणि मोघमच मिळतं. ‘आमच्या उपक्रमाला सहकार्य करावे’ असं पत्र सरपंचांना गेलं की ते फायलीत जातं. ‘५ डिसेंबरला संध्याकाळी ५ वाजता १० पुरुष आणि ४ बायका येणार, शाळेच्या दोन खोल्या, बायकांसाठी कुलूप लागणारं स्वच्छतागृह, दोन बादल्या गरम पाणी आणि रात्री भाकरी-आमटी हवी, सकाळी साडेसहाला निघणार’ असं लिहा, माणसं कामाला लागतात. विनोबांचं भूदान कसं सुरू झालं आठवा. १९५१ च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीत तिथल्या दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. नेमका आकडा सांगितला म्हणून विनोबांनाही तो गावापुढे ठेवता आला, आणि रामचंद्र रेड्डी उठून १०० एकर देतो म्हणाले. ‘गरिबांसाठी काहीतरी करा’ म्हटलं असतं तर माना डोलावून सभा संपली असती.

पत्र नुसतं पाठवू नका. तुमच्यातल्या दोघांनी आधी एकदा एसटीने सगळे मुक्काम फिरून या. सरपंच, मुख्याध्यापक आणि बचत गटाची अध्यक्ष या तिघांना भेटा. सरपंच होकार देतात, मुख्याध्यापक किल्ली देतात, पण जेवण होतं ते तिसऱ्या बाईंमुळे. त्यांना शिध्याचे पैसे तुम्ही द्या. त्या घेणार नाहीत म्हणतील, दोनदा आग्रह करा, तिसऱ्यांदा शिधाच नेऊन ठेवा. आणि बचत गटाने स्वयंपाक केला असेल त्या गावात निधीचा डबा फिरवू नका. एकाच घराकडून भाकरीही घ्यायची आणि नोटही घ्यायची हे मला पटत नाही. डबा बाजारपेठेत फिरवा, इंदापूरला, टेंभुर्णीला, हडपसरला.

सत्काराचंही आत्ताच ठरवून टाका. प्रत्येक गावात शाल, नारळ, हार आणि चार भाषणं ठरलेली. दोन तास जातात, अंग गार पडतं, पिंढऱ्या आखडतात आणि टेम्पोत ४० नारळ होतात. फोनवरच नम्रपणे सांगा की नारळाच्या ऐवजी एका चादरीचे पैसे द्या.

त्यावरून चादरी. कल्पना चांगली आहे, पण धर्मशाळेला आधी विचारलंत का? त्यांना चादरी हव्यात, की सतरंज्या, की औषधांसाठी रोख, की रुग्णांच्या नातेवाइकांसाठी डाळ-तांदूळ? त्यांच्याकडे ठेवायला जागा किती? पुण्यतिथीच्या दिवशी त्यांचीही गडबड असणार, त्या दिवशी टेम्पो दारात उभा केलेला चालेल का? हे सगळं लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. चादरी हव्या असतील तर गावोगाव गोळा करू नका. सोलापुरात एकाच ठिकाणाहून एकाच मापाच्या, धुतल्यावर रंग न सोडणाऱ्या चादरी घ्या आणि वाटेत ‘एक चादर तुमच्या नावाने’ एवढंच मागा. देणाऱ्याला कळतं की आपल्या पैशाचं काय झालं. टेम्पोत एकच नमुन्याची चादर ठेवा, दाखवायला. बाकीच्या ट्रान्सपोर्टने थेट दादरला.

पैशाबाबत मी कडक आहे. चालण्याचा खर्च वेगळा, दानाचा पैसा वेगळा. टेम्पोचं डिझेल, शिधा, औषधं, परतीचं तिकीट हे सगळं तुम्ही १४ जणांनी मिळून आधी उभं करायचं, दिंडीत भिशी भरतात तसं. दानाच्या डब्यातल्या रुपयाचा चहा प्यायचा नाही, अगदी सगळ्यांच्या संमतीनेही नाही. क्यूआर कोड धर्मशाळा चालवणाऱ्या संस्थेचाच छापा, तुमच्यापैकी कुणाचा वैयक्तिक नको. पावती संस्थेची मिळाली तर देणाऱ्याला प्राप्तिकरात देणगीची सवलत मागता येऊ शकते, पण २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर ती मिळत नाही, हे मोठ्या देणगीदाराला आधीच सांगा, नंतर वाद नको. रोख डब्याला सील हवं. रोज रात्री मुक्कामाच्या गावातल्या दोघांसमोर फोडा, मोजा, वहीत लिहून त्यांच्या सह्या घ्या आणि सकाळी आकडा शाळेच्या फळ्यावर लिहून निघा. आणि हो, रस्त्यावर वर्गणी गोळा करायची तर सोलापूरच्या धर्मादाय कार्यालयात आधी जाऊन या. गणपती मंडळं सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी काढतात ना, तिथेच तुमचं काय करायचं ते सांगतील. तुमच्या पेठेत एखादा मंडळाचा खजिनदार असेलच, त्याला बरोबर न्या, त्याला खिडकी माहीत असते.

शेवटी पाय. नवे बूट घालून निघू नका. महिनाभर वापरलेले, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे असलेले घाला, कारण दुपारपर्यंत पाऊल सुजतं. रोज संध्याकाळी ताडपत्रीवर सगळ्यांनी रांगेत पाय पुढे करून बसायचं आणि एकाने बॅटरी घेऊन प्रत्येक तळवा, प्रत्येक बोटाची फट बघायची. लाजायचं नाही. चालताना कुठे चुरचुरलं की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावा. ‘मुक्कामाला बघू’ म्हणालात की मुक्कामाला फोडच बघाल. फोड आला तर त्याचं कातडं काढू नका. वारीत सुईदोरा ओवून दोरा आत ठेवायची पद्धत आहे, जुनीजाणती माणसं करतात आणि माझ्याशी भांडतातही. मी ते करू देत नाही, दोऱ्यावाटे घाण आत जाते. जाड कापसाच्या पट्टीला मधोमध भोक पाडा, फोड भोकात येईल अशी ती बसवा, वरून चिकटपट्टी. दाब कडेला जातो, फोड मोकळा राहतो, दुसऱ्या दिवशी माणूस चालतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदमच टाकायचं. चिमूट-चिमूट ग्लासात टाकून पिणारे शिकलेले लोक मी फार पाहिलेत.

आणि गाडगेबाबांच्या नावाने चाललाय, तर टेम्पोत दोन खराटे टाका. शाळेच्या खोल्या सोडताना झाडून द्या. पुढच्या गावाला तुमची शिफारस त्यानेच होते, मागच्या गावाचा फोन तुमच्या आधी पोचलेला असतो.

प्रश्न : माझं वय ६१. आमच्या गावातून एका बालसदनासाठी १२० किलोमीटरची पदयात्रा निघतेय. मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. साखर आटोक्यात आहे. नातवाच्या आजारपणात बोललेला नवस म्हणून मला अनवाणी चालायचं आहे. घरचे नको म्हणतात.
— एक आजोबा, बार्शी

उत्तर : आजोबा, घरचे बरोबर आहेत. चाला, पण अनवाणी नाही. बारा वर्षांच्या मधुमेहात तळव्याची जाणीव कमी झालेली असू शकते आणि ती कमी झाली हे तुम्हाला जाणवत नाही, हीच तर अडचण आहे. दिंडीत एकदा एका गृहस्थांच्या पायाखालचा बाभळीचा काटा मी संध्याकाळी काढला. कधी टोचला विचारलं तर म्हणाले, ‘काटा? कुठला काटा?’ तळवा सुजून लाल झाला होता आणि ते पान लावत बसले होते.

निघायच्या आधी डॉक्टरांकडून तळव्याची तपासणी करून घ्या, नुसती साखर बघून येऊ नका. रोज चालणं वाढलं की साखर खाली येते, त्यामुळे रात्रीच्या इन्सुलिनचं प्रमाण तेच ठेवायचं की कमी करायचं हेही तेच ठरवतील. तुम्ही ठरवू नका आणि शेजारच्या मेडिकलवाल्यालाही विचारू नका. खिशात गूळ किंवा ग्लुकोज ठेवा, आणि बरोबरच्या दोघांना सांगून ठेवा की मी घामाघूम होऊन थरथरायला लागलो किंवा उगाच चिडायला लागलो तर आधी गोड भरवा, मग कारण विचारा. रात्री आरशात स्वतःचे तळवे बघा. दुपारनंतरचा टप्पा गाडीतून केलात तरी पदयात्राच झाली.

नवसाचं म्हणाल तर मी त्यातली अधिकारी नाही. पण पंढरीच्या वाटेवर चपला घालून चालणारे कितीतरी वारकरी मी पाहिलेत, आणि विठोबाने त्यातल्या कुणाला दारातून परत पाठवल्याचं ऐकिवात नाही.

प्रश्न : मुलगी २२ वर्षांची, कॉलेजच्या मुलांबरोबर ८ दिवसांच्या पदयात्रेला जायचं म्हणते. मुलगे जास्त, मुली दोनच. पाठवू का?
— एक आई, कराड

उत्तर : पाठवा. मुक्कामांची यादी मागून घ्या आणि प्रत्येक मुक्कामाला मुलींची खोली, आतून लागणारी कडी आणि स्वच्छतागृह आहे का एवढंच आयोजकांना विचारा. ‘काळजी करू नका काकू’ हे उत्तर आलं तर पुन्हा विचारा. बरोबर एखादी शिक्षिका असेल तर उत्तम. पाळीची तारीख त्या आठवड्यात येत असली तरी चालता येतं, पॅड आणि जास्तीची सुती चड्डी टेम्पोत नको, पाठीवरच्या पिशवीत असू द्या. टेम्पो नेहमी तीन किलोमीटर पुढे असतो.

प्रश्न : आमचं गाव महामार्गालगत आहे. डिसेंबरात एका रुग्णसेवा पदयात्रेतली माणसं मुक्कामाला येणार म्हणून सरपंचांनी आमच्या बचत गटाला जेवणाचं सांगितलं आहे. असं काही आम्ही कधी केलेलं नाही. गोडधोड काय करावं? स्वागताला लेझीम ठेवावं का?
— बचत गटाच्या अध्यक्षा, ता. माढा

उत्तर : ताई, वरचे सोलापूरचे सर तुमच्याकडेच येत असतील तर देव पावला. गोडधोड काही नको. दिवसभर चाललेल्या माणसाला गोड जात नाही, त्याला खारट आणि ओलं हवं असतं. ज्वारीची भाकरी, पातळ आमटी, थोडा भात, ताक, लोणचं. तिखट बेताचं, कारण पोट बिघडलं तर त्याची वाट तिथेच थांबते आणि शौचालय तुमच्या शाळेचं एकच असतं. जेवण साडेसातला पानावर आलं पाहिजे.

पण जेवणाच्या आधीचं जास्त महत्त्वाचं. ते आले की आधी कोमट पाण्याच्या बादल्या, पाय बुडवून बसायला. मग चहा. मग अर्धा तास कुणी त्यांच्याशी बोलू नये, हे गावातल्या पुढाऱ्यांना तुम्हीच सांगा, बायकांचं ऐकतात. शाळेची किल्ली आदल्या दिवशीच तुमच्या घरी आणून ठेवा. मुख्याध्यापक दुसऱ्या गावाला राहत असतील तर संध्याकाळी किल्लीसाठी दुचाकी पळवावी लागते. खोलीतले बाक बाहेर काढा, दिवा लागतो का बघा, मोबाइल चार्ज करायला एक लांब वायरीचा बोर्ड लावा. शौचालयाला पाणी आहे का, कडी लागते का, हे तुम्ही स्वतः आत जाऊन बघा. पोरं ‘आहे’ म्हणून सांगतात.

लेझीम ठेवा की! पोरांना हौस असते आणि येणाऱ्यांनाही बरं वाटतं. वेशीवर, दहा मिनिटं. त्यांना नाचायला लावू नका, त्यांच्या पायात फोड आहेत.

सकाळी ते साडेसहाला निघतील म्हणजे चहा सहाला. नाश्त्याला पोहे करायचा विचार असेल तर सोडून द्या, पोह्यांवर पाच किलोमीटरसुद्धा होत नाहीत. रात्रीच्या पिठाच्याच चार भाकरी जास्त थापा, शेंगदाण्याची चटणी घालून प्रत्येकाच्या हातात फडक्यात बांधून द्या. आणि फडकी परत मिळायची नाहीत, तेव्हा जुनीच काढा.